उडत्या बैलाची झूल

उडणारा बैल करायचा असेल तर त्याला उपाशी ठेवावं लागतं. अंगाला वजन नको, पाठीवर शृंगार नको, गळ्यात घुंगरू तर मुळीच नको. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही माझा बैल तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी सगळ्या पेठेदेखत फतकल मारून बसला, आणि माझा हिशेब तर अगदी बरोबर होता. आजही कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर मी तो हिशेब मांडून दाखवीन.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. कौलांवर अँटेना उगवू लागले होते. आम्ही नागपूरच्या जुन्या भागात, विणकरांच्या पेठेत राहत होतो. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता, वर्गात एकटीच मुलगी, आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानात कामाला होते. तिथे मला मागच्या बाजूला, पडद्याआड बसवत. आपला टीव्ही एका पोरीच्या हातात पाहिला की गिऱ्हाइकाचा जीव घाबरा होतो, असं मालकाचं म्हणणं. सेट मी उघडायचा, दोष मी शोधायचा, सोल्डरिंग मी करायचं, आणि पुढे नेऊन शाबासकी मालकानं घ्यायची. मला याचा मनस्वी राग यायचा. गल्लीतल्या लोकांचीही तीच तऱ्हा. टीव्ही बिघडला की दारात येऊन विचारत, "भाऊ नाही का वं घरी?" मला भाऊच नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मला माझं दुकान हवं होतं, आणि त्याला लागणारी जागा आमच्याच घरात होती. पुढची खोली. तिचं दार थेट रस्त्यावर उघडत होतं. पण त्या खोलीत बाबांचा माग होता. जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग. त्या खड्ड्यात पाय सोडून बाबांनी अर्धं आयुष्य लुगडी विणली होती. आता दोन वर्षांपासून माग बंद होता, आणि बाबा बसनं कामठीला यंत्रमागावर पाळीनं कामाला जात. घरी आले की पुढच्या खोलीत जायचे, मागावर घातलेली चादर उचलून खाली बघायचे आणि परत नीट घालून ठेवायचे. मग हातपाय धुवायचे.

चादरीखाली काय होतं ते सांगते. लुगडं विणून झालं की विणकर ते कापून उतरवतो, पण ताण्याचे उभे धागे पुरते संपवत नाही. दोन-अडीच हात धागे मागावर तसेच राखतो, फणीत ओवलेले. फणी म्हणजे मागावरचा तो लांब कंगवा, ज्याच्या फटीफटीतून धागा गेलेला असतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा या जुन्या धाग्याला पिळून जोडायचा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओवायला नको. म्हणून फणी कधी रिकामी करायची नाही, हा आमच्याकडचा नेम. जो विणकर फणी रिकामी करतो, तो मागावरून कायमचा उठला असं समजायचं. बाबांच्या फणीत शेवटच्या लुगड्याचे वांगी रंगाचे रेशमी धागे दोन वर्षं वाट बघत होते, आणि आई त्यांना उंदरांपासून जपत होती.

"बाबा, पुढची खोली मले द्या," मी एकदा जेवताना म्हटलं. "दुकान टाकाचं हाय."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "अन् माग?"

"माग तं बंद हाय ना."

"बंद हाय. मेला नाही."

मला वाटलं आता विषय संपला. पण बाबा सरळ नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते, ते अट घालणाऱ्यांतले होते. थोडा वेळ ताटातली डाळ कालवत बसले आणि मग म्हणाले, "तुह्या हातचं काम चार लोकायनं पाह्यलं पाहिजे. त्यातला एक जन जरी आपल्या पायानं येऊन म्हनला, का बाई माहा टीवी तू पाह्य, तं त्याच दिवशी माग काढतो. त्याच्या आंधी नाही."

अट मला आवडली. बाबांना माझं कौतुक नव्हतं असं नाही, पण घरातलं कौतुक घरातच कुजतं हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, कबूल. आई म्हणाली, जेवा आता.

याच सुमारास दुकानात एक खेळण्यातली मोटार आली. दुबईहून आणलेली, हातातल्या डबीवरची कांडी दाबली की तारेवाचून धावणारी. तिच्या चाकांचे दाते झिजून गेले होते आणि ते दाते साऱ्या मध्य भारतात मिळाले नसते. गिऱ्हाईक वैतागून ती तिथेच टाकून गेलं. मी मालकाला विचारून ती घरी आणली, कारण तिचे पाय गेले असले तरी डोकं शाबूत होतं. डबीतून हुकूम गेला की आतलं यंत्र तो निमूट ऐकत होतं.

आणि आमच्या माळ्यावर एक गुंडाळी पडून होती. चंदेरी पन्नीची. ती पन्नी बारीक कापून प्लास्टिकच्या जरीचा धागा करतात. एका व्यापाऱ्यानं बाबांना भुलवायला ती नमुना म्हणून दिली होती, की आता खरी जर कोण घेतं, हे वापरून बघा. बाबांनी तिला बोट लावलं नाही. "हे जर नाही, गोळीचा कागद हाय," असं म्हणून माळ्यावर फेकली होती. मी ती खाली काढली. रबरी फुग्यातला गॅस रातोरात पळून जातो. या पन्नीतून त्याला एवढ्या सहजी जाता येत नाही. वजन म्हणावं तर नाहीच.

दुसऱ्या कुणी त्यातून विमान केलं असतं. पण पोळा जवळ आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा दिवस मुलांच्या लाकडी बैलांचा. चाकं लावलेले, रंगवलेले, बेगड चिकटवलेले बैल ओढत मुलं मारुतीच्या मैदानात येतात. तोरण बांधतात, झडत्या म्हणजे बैलांची यमकं जुळवलेली गाणी म्हणतात, बायका त्या लाकडी बैलांना खऱ्यासारखं ओवाळतात. त्या संध्याकाळी पेठेतलं म्हातारं-कोतारं सुद्धा घरात बसत नाही. बाबांनी चार लोक मागितले होते, मी त्यांना अख्खी पेठ द्यायचं ठरवलं.

दर रविवारी आमचं आंगण अडायचं. वर्तमानपत्रं चिकटवून मी बैलाचा आराखडा केला. चांगला पुरुषभर लांब, पोट गोल, पाठीवर वशिंड. त्याबरहुकूम पन्नी कापली आणि कडा सायकलवाल्याच्या सोल्युशननं चिकटवल्या, ज्यानं ट्यूबचं पंक्चर काढतात त्यानंच. त्या वासानं आईचं डोकं उठायचं. पोटाखाली पतंगाच्या कामट्यांची हलकी चौकट लटकवली, तिच्यावर मोटारीतलं यंत्र, सेल आणि दोन छोटे पंखे. पंख्यांची पाती प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापली आणि गरम करून वळवली. एक पंखा पुढे ढकलणारा, जरा वर तोंड करून बसवलेला, म्हणजे बैल पुढे जाता जाता वरही चढेल. दुसरा शेपटीशी, वळवण्यासाठी. शिंगं पतंगी कागदाची, डोळे बाटलीच्या बुचांना काळं फासून. आईनं ते डोळे बघून म्हटलं, "अगदी तुह्या मामासारखा पाहून राह्यला." मामा खरोखरच तसाच बघायचा.

वजनाचा हिशेब मी सुपारीत केला. पोटाखाली एक छोटी पिशवी बांधली आणि गॅस भरल्यावर तिच्यात देवघरातल्या सुपाऱ्या टाकायच्या असं ठरवलं. गॅस भरलेला बैल तळहातावरून सोडला तर त्यानं वर पळता कामा नये आणि धपकन खालीही येता कामा नये, झोप आलेल्या माणसाच्या पापणीसारखं हळूच खाली यावं. मग बाकीचं काम पंख्याचं. वजन वाढलं की एक सुपारी काढायची, कमी झालं की एक टाकायची. इतकं सोपं. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, मला सुचलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता.

गॅसचं म्हणाल तर हेलियम हवा होता. तो पेटत नाही. पण नागपुरात तेव्हा हेलियम मला तरी फक्त पुस्तकात दिसला. मिळत होता तो जत्रेतल्या फुगेवाल्यांचा गॅस, जो उचलतो छान आणि पेटतोही छान. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाजवळचा एक फुगेवाला मी हातगाडी आणि लोखंडी नळकांड्यासकट आंगणात आणला. त्यानं आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, हा फुगा हाय का भैसा?"

"बैल हाय. भरा."

भरता भरता त्याचा चेहरा उजळत गेला. पाय टेकून उभा असलेला बैल पहिल्यांदा जमिनीवरून सुटला तेव्हा तो माणूस माझ्या आधी हसला. जाताना मात्र त्यानं बोट उगारून बजावलं, "विस्तव याच्याजवळ आनू नका. बिडी नाही, काडी नाही, दिवा नाही. दहा हात दूर." मी मान हलवली आणि दिवसभर बैलाशेजारी राखणीच्या भुतासारखी बसून राहिले. चुलीवरच्या पुरणाचा वास येत होता, पण चुलीकडे पाठ केली होती.

बाबा त्या आठवड्यात रात्रपाळीला होते, म्हणजे दिवसा घरी. मी दुकानात गेले की ते काय करतात हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी तेवढं लक्षात आलं की ते माझ्या बैलाकडे लांबून, ओट्यावर उभं राहून बघत होते, आणि काही म्हणत नव्हते. मला जरा वाईट वाटलं. एवढी मोठी गोष्ट आंगणात हवेत तरंगते आहे आणि बापाला बोलायला शब्द नाही, असं मनात आलं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "व्हय समोर. येतो मी मागून."

मैदानात तोरणाखाली लाकडी बैलांची रांग लागली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचे किराणावाले काका. गळ्यात उपरणं, हातात माइक. माझा चंदेरी बैल रेशमी दोरीनं धरून मी मैदानात आणला तेव्हा मुलांची रांग मोडली, आणि काकांनी माइकवरूनच विचारलं, "काहून वं, तू लहान पोट्टी हाय का आता? तान्हा पोळा तान्ह्या पोट्ट्यायचा असते."

"बक्षीस नका देऊ काका. उडवू तं द्या."

"उडते का हे? का नुसतं चमकते?"

आणि लोकांना खूश करायला त्यांनी तिथल्या तिथे झडती रचली. या गोष्टीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मान्य करायला हवं.

"कोनाचा बैल खाये ढेप, कोनाचा खाये चारा,
आमच्या गल्लीच्या बैलाच्या पोटात नुसता वारा!"

हर हर महादेवचा गजर झाला. सगळे हसले, मीही हसले, कारण झडती चांगली होती. शिवाय काकांचा टीव्ही गेल्याच उन्हाळ्यात बर्डीवरच्या पडद्याआड मीच दुरुस्त केला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. असं काही पोटात असलं की माणसाला हसायला सोपं जातं.

मग बायका आल्या. शेजारच्या काकू पुढे, हातात ताट, ताटात लखलखीत पेटलेलं निरांजन. मी किंचाळलेच.

"दिवा नाही! काकू, दिवा विझवा आंधी!"

काकू जागच्या जागी थिजल्या. "माय वं! पोळ्याच्या बैलाले ओवाळाचं नाही? मंग हा बैल कायचा?"

मागच्या बायकांतही कुजबुज सुरू झाली. बिन ओवाळलेला बैल रांगेत म्हणजे अपशकुनच, असं कुणीतरी म्हणालं. मी गॅसबद्दल सांगायला लागले, पण पोळ्याच्या दिवशी गॅसचं कोण ऐकतं. शेवटी आईनं मार्ग काढला. "दिवा ठेवा बाजूले. ओवाळू नका, काही तं वाहा. त्यातच आलं."

आईनं जीव वाचवला आणि तिथेच घोळ घातला. ओवाळायला एक ताट पुरतं, वाहायला मात्र प्रत्येकीला आपलं काहीतरी लागतं. काकूंनी ओलं कुंकू लावून त्यावर अक्षता दाबल्या. कुणी झेंडूचा हार घातला, कुणी शिंगांना गोंडे बांधले. एकीनं दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा ओवलेला काळा दोरा पायात बांधला. एक आजी आपल्या नातवाच्या पायातलं चांदीचं घुंगरू सोडवून घेऊन आली. नाही कसं म्हणणार? मी नाही म्हटलंही नाही, कारण मी तयारीची होते. हार आला, मी पिशवीतून सुपाऱ्या काढल्या. गोंडे आले, अजून काढल्या. घुंगरू आलं तेव्हा जरा जास्त काढाव्या लागल्या. आजूबाजूच्या पोरांना ती सुपारीची गंमत फार आवडली. बायकांचं सगळं वाहून झालं तेव्हा पिशवी रिकामी झाली होती आणि बैल तळहातावरून अगदी हवा तसा हळू उतरत होता. वर एक फूलही चालणार नव्हतं, पण तेवढ्यात भागलं होतं. मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बाबा आले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि दोन्ही हातांवर घडी घालून धरलेली झूल.

वांगी रंगाची झूल, रेशमाची, चारी बाजूंनी खऱ्या जरीचा काठ. त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही. स्वतःच्या हातानं उलगडली, बैलाच्या वशिंडावरून पाठीवर टाकली, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि काठावरून तळहात फिरवला. पेठेतली सगळी माणसं कापड ओळखणारी. कुणीतरी मागून म्हणालं, "वा गा! याले म्हन्ते झूल." कितीतरी दिवसांनी कुणी बाबांच्या कापडाला वा म्हटलं होतं. बाबांची मान इतकी ताठ मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. माझा हात आपोआप पिशवीकडे गेला, पण पिशवीत काढायला एकही सुपारी शिल्लक नव्हती. आईच्या जुन्या लुगड्याची केली असेल, एवढाच विचार माझ्या मनात आला. त्या वेळी मला रंग दिसत नव्हता, नुसतं वजन दिसत होतं.

तरी मी प्रयत्न केला. डबीवरची कांडी दाबली. पंखे भिरभिरले, पोटाखालची धूळ उडाली, बैलानं डोकं जरा हलवलं आणि तो तिथेच बसून राहिला. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. आधी एक पोरगं फिस्सकन हसलं आणि मग सगळं मैदान.

काकांना माइक आयताच मिळाला. "बैल बसला गा! याले आता पराणी टोचा!"

मी मनात भराभर हिशेब केला. बायकांनी वाहिलेलं सगळं काढलं असतं तरी झुलीची बरोबरी झाली नसती, आणि ज्यांनी भक्तीनं वाहिलं त्यांच्यादेखत ते उपटून फेकायचं म्हणजे पुढचं वर्षभर गल्लीत तोंड दाखवायला नको. एकच गोष्ट काढण्यासारखी होती. ती माझ्या बापानं आत्ता, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं घातली होती. झूल काढली नाही तर बैल उडणार नाही आणि खोली जाते. झूल काढली तर बाबांची ही एवढीशी ताठ झालेली मान जाते. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळणार नव्हतं. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून रागही येत होता.

"बाबा," मी म्हटलं. आवाज हळू ठेवायचा होता, पण तो मोठा निघाला. "झूल काढा लागते. वजन झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग काढ ना! पाह्यत काय राह्यली? बैल मले उडवाचा हाय का तुले?"

पण मला काढू दिली नाही. पुढे होऊन स्वतःच काढली. व्यापाऱ्यापुढे लुगड्याची घडी घालायचे तशी काठाला काठ लावून घडी घातली, खांद्यावर टाकली, आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. मान होती तशीच होती.

मी कांडी दाबली. बैलाचे पाय जमिनीवरून सुटले. गुडघाभर, कमरेइतका, मग माझ्या डोक्यावर. हार, गोंडे, बिब्बा, घुंगरू, सगळ्यांसकट. घुंगरू वर वाजायला लागलं तशी ती आजी ओरडली, "माह्या नातवाचं हाय ते!" बैल तोरणावरून गेला. पश्चिमेकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि तो मारुतीच्या पिंपळाकडे सरकायला लागला तेव्हा मी कांडी आडवी दाबली, आणि शेपटीच्या पंख्यानं हुकूम ऐकला. सावकाश तोंड फिरवून, एखादा जाणता बैल गोठ्याकडे वळतो तसा तो परत आला. काकांच्या डोक्यावर मी त्याला मुद्दाम जरा थांबवला. काकांनी माइक खाली केला आणि वर तोंड करून पाहत राहिले. झेंडूची एक पाकळी त्यांच्या उपरण्यावर पडली.

मी बैल बाबांच्या समोर उतरवला. हर हर महादेवचा असा गजर झाला की लाकडी बैलांच्या पोरांनी आपले बैल सोडून माझ्याभोवती कोंडाळं केलं. तो गजर मला अजून ऐकू येतो आणि मी तो कुणाशी वाटून घेणार नाही, माझा होता.

गर्दी ओसरताना काका जवळ आले. खाकरले, उपरणं सारखं केलं.

"बाई, माह्या टीवीत परत मुंग्या येऊन राह्यल्या. पाह्यशील का?"

"पाह्यतो ना काका. उन्हाळ्यात बी मीच पाह्यला होता."

"कुठी?"

"बर्डीवर. पडद्याच्या मागं."

काका जोरात हसले आणि म्हणाले, मंग एवढ्या दूर कायले नेतो, उद्याच घेऊन येतो. मी चटकन बाबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. अट पूर्ण झाली होती, पुऱ्या पेठेच्या साक्षीनं.

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बैल आंगणात बांधला आणि हात न धुताच मी पुढच्या खोलीत शिरले. टेबल कुठे ठेवायचं, दिव्याचा पॉइंट कुठे घ्यायचा, पाटी दाराच्या वर की बाजूला, सगळं डोक्यात तयार होतं. भिंतीपासून मोजायचं म्हणून मी मागावरची चादर ओढली.

फणी रिकामी होती.

एकही धागा नव्हता. वांगी रंगाचं एक सूतही नव्हतं. दोन वर्षं जपलेला तो अडीच हात ताणा बाबांनी विणून संपवला होता, मी दुकानात असताना, भर दिवसा. शेवटच्या धाग्यापर्यंत. आणि त्याची झूल केली होती. त्या खोलीसाठी मी पेठेसमोर बैल उडवला होता, आणि खोली त्याच्या आधीच माझी झालेली होती.

आई दारात उभी होती. "परवाच उतरवली त्याईनं," ती म्हणाली. "मी म्हटलं, घाई काहून करता? आंधी पाहू तं द्या पोट्टीचा बैल उडते का नाही. तं म्हनते, बैलाच्या उडन्याशी मागाचं काय हाय?"

बाबा तिच्या मागून आत आले. झूल अजून खांद्यावर होती. मी फणीवरून बोट फिरवत होते, आणि कंगव्याच्या दातांवर वाजतो तसा किर्र आवाज येत होता. मी विचारलं.

"अन् बैल उडला नसता तं, बाबा?"

"नसता उडला तं रडली असती," बाबा म्हणाले. "आंगनात बसून रडन्यापेक्षा आपल्या दुकानात बसून रडलेलं बरं."

मग त्यांनी झूल खुंटीला अडकवली, धोतर वर खोचलं आणि मागाच्या पुढच्या लाकडाला हात घातला.

"हा खड्डा उद्या बुजवा लागंन. आता उभी काय राह्यली वं? धर तिकडून."

मी ओढणी कमरेला बांधली आणि तिकडून धरलं.